पिशवीच्या बुडाशी आकडा

क्रिकेटचे स्टंप ज्याच्या लाकडाचे करतात, ते ॲशचं झाड १९९०च्या दशकात पोलंडमध्ये शेंड्याकडून वाळू लागलं. मग रोग युरोपभर पसरला. २००९ मध्ये संशय गेला एका इवल्याशा, पांढऱ्या, पेल्यासारख्या बुरशीवर. ॲशच्या गळून पडलेल्या देठांवर ती उगवते. पण मंडळी, ती तर तिथली जुनी रहिवासी, एकोणिसाव्या शतकापासून माहीत असलेली, निरुपद्रवी! मग आत्ताच कशी उलटली?

उलटली नव्हतीच. २०११ मध्ये डीएनए तपासणीत कळलं, की बुरशी एक नाही, दोन आहेत. मारक ती पूर्व आशियातून आलेली. नुसत्या डोळ्यांना दोघी सारख्याच. मग पेल्याचा पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली ठेवायचा. आत उभ्या, लांबट पिशव्या दिसतात, प्रत्येकीत आठ बीजाणू. नवखा माणूस बीजाणूच मोजत बसतो. पण दोघींची मापं एकमेकींत मिसळतात. नजर न्यायची पिशवीच्या बुडाशी. तिथे गळासारखा वळलेला बारीक आकडा असला, तर ती पाहुणी. बूड साधंच असलं, तर ती बिचारी जुनी. डेन्मार्कमध्ये मात्र पुढे शोधणाऱ्यांना आकडेवालीच सापडत गेली. जुनी दिसेनाशी झाली.