अमळनेरचे कागद आणि तळेगावचा मोबाइल

लक्ष्मीपूजनाला शेअर बाजार मुहूर्तापुरता तासभर उघडतो. गेल्या दिवाळीत तळेगावात (श्यामजी पंत) भाच्याने नेमका तेव्हाच मोबाइल माझ्यापुढे धरला. आंबिया बहराचा संत्र्याचा बगीचा व्यापाऱ्याला देऊन आलेली रक्कम खात्यात होती. वाढत्या सॉफ्टवेअर कंपनीचा शेअर सकाळी घेऊन दुपारी विकायचा, की घेऊन ठेवून द्यायचा, हा त्याचा प्रश्न. मी ठेवून देण्याचा विषय काढताच तो म्हणाला, "मामा, इतके वर्षं कोण थांबते?" संत्र्याचे कलम लावून पाच वर्षे थांबणारा हा मुलगा!

थांबलेल्यांचे गाव आपल्याच महाराष्ट्रात आहे. खानदेशातील अमळनेरला १९४५ साली वनस्पती तुपाची कंपनी निघाली, वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स. तीच पुढे विप्रो झाली. १९६६ मध्ये अझीम प्रेमजींनी सूत्रे घेतली आणि १९८०च्या सुमारास कंपनी संगणकाकडे वळली. गावातल्या शेतकऱ्यांकडे, दुकानदारांकडे तिचे शेअर होते. १९९७ पासूनचे बोनस आणि १९९९ चे विभाजन मांडून पाहिले, तर १९९७ च्या बोनसआधीच्या १०० शेअरांचे २०२४ अखेर ८०,००० होतात. या संयमाचे थोडे श्रेय मी गैरसोयीलाही देतो. शेअर म्हणजे ट्रंकेतला कागद. विकायचा तर दलाल गाठा, सह्या करा. रोजचा भाव डोळ्यांपुढे नाचत नव्हता. आणि त्या काळच्या कितीतरी कंपन्यांचे कागद रद्दीत गेले, त्यांच्या गोष्टी कोणी सांगत नाही.

त्याच शेअरची दुसरी बाजू भाच्याला मी मुद्दाम सांगितली. फेब्रुवारी २००० मध्ये, तंत्रज्ञानाच्या लाटेत, विप्रोचा भाव दहा हजारांच्या घरात गेला होता. पुढच्याच वर्षी तो हजाराच्या आसपास आला. शिखरावर घेतलेल्या एका शेअरचे २०२४ अखेर बोनस धरून साधारण ५३ झाले. भाव ३०० धरला तरी १६,००० रुपये. लाभांश वेगळा, पण चोवीस वर्षांत बँकेच्या ठेवीतही याहून बरेच अधिक झाले असते. कंपनी तीच, संयमही तोच. फरक फक्त दिलेल्या किमतीचा. म्हणजे नुसते थांबणे ही गुंतवणूक नव्हे.

मग सकाळ-दुपारचा सौदा? सेबीच्या पाहणीनुसार २०२२-२३ मध्ये रोखीच्या बाजारात त्याच दिवशी सौदा मिटवणाऱ्या दहांपैकी सात व्यक्ती तोट्यात होत्या. वर्षात पाचशेहून अधिक सौदे करणाऱ्यांत हे प्रमाण ८० टक्के. फ्युचर्स-ऑप्शन्समध्ये तर २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत ९३ टक्के. कारण गूढ नाही. कंपनीचा नफा वाढायला वर्षे लागतात. दोन तासांत बदलतो तो लोकांचा अंदाज. तिथे एकाचा फायदा दुसऱ्याच्या खिशातून येतो आणि दलाली, कर दोघांकडूनही जातात. वर्षाच्या आत विकलेल्या शेअरच्या नफ्यावर कर २० टक्के. वर्षाहून अधिक ठेवलेल्यावर सव्वा लाखापुढे साडेबारा. दिवसाच्या दिवशी मिटवलेला सौदा तर सट्ट्याचा धंदा म्हणून उत्पन्नात धरला जातो.

भाच्याने हे शांतपणे ऐकले. मग मी विचारले, जानेवारीत ताण तोडल्यावर खत-पाण्याला पैसे कुठून आणशील? त्याने खात्याकडे बोट दाखवले. ती रक्कम आम्ही त्याच रात्री वेगळी काढली. उरले ते थोडे होते. त्याचा एकाच कंपनीचा शेअर न घेता दर महिन्याला निर्देशांक फंडात हप्ता लावला. मोबाइल मात्र तो अजूनही जेवताना उलटा करून ठेवत नाही.