रेअर मरीन मासा: बिलावरची किंमत आणि खरी किंमत

हिंजवडी-भूगाव पट्ट्यात मरीन टँकवाला ग्राहक आला की एकच मागणी, "काहीतरी रेअर दाखवा." रेअर म्हणजे जास्त मार्जिन, असं आपण धरून चालतो. जरा हिशोब करू.

समजा, समुद्रातून पकडलेले 10 मासे ₹600 ने घेतले. ₹6,000 गेले. क्वारंटाईनमध्ये 4 मेले. उरलेला प्रत्येक मासा ₹1,000 ला पडला. हॅचरीतले 10 मासे ₹800 ने घेतले, 1 मेला, तर एक मासा साधारण ₹890 ला पडतो. मग स्वस्त कोणता?

आणि ते 4 मासे म्हणजे नुसती घट नव्हे. फिलिपिन्स, इंडोनेशियात काही ठिकाणी सायनाईड मारून मासे गुंगवतात. त्यात प्रवाळही मरतं आणि वरून ठणठणीत दिसणारा मासा नंतर दुकानात दगावतो. बांगाई कार्डिनल मूळचा फक्त इंडोनेशियातल्या बांगाई बेटांजवळचा. व्यापारासाठी इतका उपसला की धोक्यात आला. खरं तर तो टाकीत पैदा होतो, क्लाउनफिशसारखाच.

समुद्रघोडा आणि जिवंत खडक-प्रवाळ यांचा तर विषयच नको. वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 खाली संरक्षित आहेत. विकले तर थेट गुन्हा.

म्हणून पुरवठादाराला भावाआधी तीन प्रश्न विचारा: मासा हॅचरीतला की समुद्रातला? कुठून, कसा पकडला? तुमच्याकडे किती दिवस खातोय? उत्तर टाळलं, तर माल सोडा. ग्राहकालाही हेच खुलेपणाने सांगा. ज्याचा मासा वर्षभर जगतो, तोच परत येतो.