तो म्हणजे नेमका कोण?

डोंबिवली पूर्वेला मी इंग्रजीचे वर्ग घेते. सकाळी दहावीची मुलं असतात, संध्याकाळी ठाण्या-कल्याणच्या ऑफिसांतून सुटलेली माणसं. काळ आणि आर्टिकल यांची सगळ्यांनाच धास्ती. सर्वनामं मात्र सोपी समजून सोडून देतात. मला वाटतं, अर्थाचा घोळ बहुतेक वेळा तिथेच होतो.

फळ्यावर मी लिहिते : ‘अनिल टोल्ड सुनील दॅट ही हॅड मिस्ड द कल्याण लोकल.’ गाडी कुणाची चुकली? कुणी अनिलची म्हणतं, कुणी सुनीलची. इंग्रजी व्याकरणाला दोन्ही उत्तरं चालतात. मराठीत आपण सहज म्हणतो, ‘माझी गाडी चुकली, असं अनिल सुनीलला म्हणाला.’ बोलणाऱ्याचं ‘माझी’ तसंच राहतं, शंका उरत नाही.

आता डबा पिशवीत ठेवा. ‘तो ओला होता’ म्हटलं की डबा, ‘ती ओली होती’ म्हटलं की पिशवी. शाळेत शिकलेल्या नऊ मूळ सर्वनामांपैकी तो, हा, जो ही तीनच लिंगानुसार बदलतात, पण केवढं काम करतात! इंग्रजीत डबाही ‘इट’ आणि पिशवीही ‘इट’. वाचणाऱ्याला मागचापुढचा संदर्भ लावावा लागतो.

‘वुई’चंही तसंच. गर्दीच्या लोकलमध्ये कुणी ‘आम्ही ठाण्याला उतरतोय’ म्हणालं तर ऐकणाऱ्याला बसायला मिळण्याची आशा. ‘आपण उतरतोय’ म्हणालं तर त्यालाही उठायचंय. इंग्रजीत दोन्हीकडे ‘वुई’च.

म्हणून इंग्रजी तोकडी ठरत नाही. विसरलेली छत्री बाईची की पुरुषाची हे ठाऊक नसलं, तर इंग्रजी ‘समवन लेफ्ट देअर अम्ब्रेला’ म्हणते. एका व्यक्तीसाठी ‘दे’ वापरण्याची रीत 14व्या शतकापासूनची आहे. 2019 साली मेरियम-वेब्स्टरने तर ‘दे’लाच वर्षाचा शब्द ठरवलं.

विद्यार्थ्यांना मी एकच सवय लावते : प्रत्येक ‘ही’, ‘शी’, ‘इट’, ‘दे’खाली रेघ मारायची आणि तिथून मूळ नामाकडे बाण काढायचा. बाण दोन नामांकडे जात असेल, तर सर्वनाम खोडून नाव लिहायचं. पुनरुक्ती टाळा, हे निबंधापुरतं ठीक आहे. तक्रार अर्जात किंवा करारात नाव दोनदा आलं तरी चालेल. एकाचा दोष दुसऱ्याच्या माथी जाता कामा नये.