आपल्या दारावरून जाणारे तेल



कोकणात आपल्या वाडवडिलांना लोक 'शनिवार तेली' म्हणत. आठवडाभर घाण्यावर तेल गाळायचे आणि शब्बाथला घाणा बंद ठेवायचा, म्हणून हे नाव पडले. त्या तेलात लपवण्यासारखे काही नव्हते. घाणा गावासमोर फिरे, आणि कोणाकडे किती तेल गेले ते शेजारपाजारला ठाऊक असे. आज आपली कित्येक कुटुंबे अश्केलोनला राहतात, काही एलातला आहेत. या दोन गावांमध्ये जमिनीखालून वेगळेच तेल वाहते, आणि त्याच्याविषयी लिहिणे-बोलणे हा बरीच वर्षे गुन्हा ठरू शकत होता. ही हकीकत आपल्या मंडळींना सोप्या शब्दांत सांगावी, म्हणून हा लेख.

1967 च्या सहा दिवसांच्या युद्धात सुएझ कालवा बंद झाला. आशियातले तेल युरोपात न्यायला दुसरा रस्ता हवा होता. 1968 साली इस्राएल आणि इराण यांनी भागीदारीत एक कंपनी काढली. होय, इराणच, तेव्हा तिथे शहाचे राज्य होते. जहाजे एलातला तेल उतरवत, ते 254 किलोमीटर लांबीच्या नळातून अश्केलोनला येई आणि तिथून पुन्हा जहाजाने युरोपला जाई. हिब्रूत या कंपनीला आपण 'कात्साआ' म्हणतो. 1979 साली इराणात क्रांती झाली आणि ती भागीदारी तुटली. नळ मात्र राहिला. 2003 नंतर त्यातून उलट दिशेनेही, म्हणजे अश्केलोनहून एलातकडे, तेल जाऊ लागले.

भागीदार शत्रू देश झाला, तशी गुप्तताही टिकून राहिली. सरकारी हुकमाने कंपनीचे व्यवहार गुप्त ठरवले होते. तेल कोणाचे, किती, कोणत्या जहाजातून आले, हे छापण्याची सोय नव्हती. हुकूम मोडणाऱ्याला 15 वर्षांपर्यंत तुरुंगाची तरतूद होती. शिवाय कंपनी सरकारचीच. इतर देशांत तेलाचे मोठे व्यापारी मंत्र्यांच्या दारी खेटे घालतात, असे आपण वाचतो. इथे त्याची गरजच नव्हती. तिजोरीचे फायदे पाहणारे सरकार, कंपनीवर लक्ष ठेवणारे सरकार आणि तोंड बंद ठेवा म्हणणारेही सरकारच.

याची किंमत 3 डिसेंबर 2014 च्या रात्री कळली. एलातच्या उत्तरेला एव्रोनाचे राखीव रान आहे. तिथे बाभळीच्या जातीची जुनी झाडे आहेत, हरणे आहेत. तिथे नळ फुटला आणि सुमारे 50 लाख लिटर कच्चे तेल वाळवंटात वाहिले. याच रानात 1975 सालीही तेल सांडले होते. त्या जागी चाळीस वर्षांनीही नवी रोपे नीट वाढत नसल्याचे शास्त्रज्ञांना आढळले. दुसऱ्या गळतीनंतर ओरड झाली आणि पुढे गुप्ततेचा हुकूम काहीसा सैल केला गेला.

मग 2020 साल आले. सप्टेंबरात अमिरातींशी मैत्रीचा करार झाला, त्याचा आपल्या सर्वांना आनंद झाला. ऑक्टोबरात कात्साआने अबू धाबीत एका नव्या कंपनीशी आणखी एक करार केला: आखातातले तेल एलातला आणून या नळातून अश्केलोनला न्यायचे. पर्यावरण मंत्रालयालाही आधी विचारले नव्हते. तो कोरोनाचा काळ होता. करार जाहीर होण्याच्या थोडे आधीपर्यंत घरापासून एक किलोमीटरपलीकडे हफगानाला जायची बंदी होती. हा योगायोग असेल. पण लोकांना बोलणे कठीण होते, तेव्हाच हा निर्णय झाला, एवढे खरे.

एलातच्या समुद्रातली पोवळी जगात मोलाची मानतात, कारण इतर ठिकाणी पाणी तापल्यावर पोवळी मरतात, इथली बरीच तग धरतात. दोनशेहून अधिक शास्त्रज्ञांनी सरकारला इशारा दिला. फेब्रुवारी 2021 मध्ये आपल्या भूमध्य किनाऱ्यावर डांबराचे गोळे आले. ते कात्साआचे नव्हते, एका जहाजातले होते. पण तपासाच्या बातम्या छापायला न्यायालयाने सुरुवातीला बंदी घातली, आणि वर्तमानपत्रांनी दाद मागितल्यावर ती लवकरच उठवावी लागली. हात काळे करून किनारा साफ करणाऱ्या हजारो लोकांना तेल म्हणजे काय ते कळले. एलातला लोक रस्त्यावर उतरले, पर्यावरण संस्था बागात्समध्ये गेल्या. त्या वर्षी पर्यावरण मंत्रालयाने एलातच्या आखातात धोका वाढू द्यायचा नाही, असे धोरण धरले आणि तेलाची मर्यादा वाढवून दिली नाही. ती मर्यादा उठवावी, ही मागणी मात्र पुढेही होत राहिली.

सुरक्षेचे काय, असे कोणी विचारील. प्रश्न रास्त आहे. मे 2021 मध्ये गाझातून आलेल्या रॉकेटने अश्केलोनजवळ कात्साआची टाकी पेटली. तो काळा धूर आपल्यातल्या कित्येकांनी खिडकीतून पाहिला. टाकीच्या पहाऱ्याची माहिती कोणी मागत नाही. पण ती टाकी वस्तीला किती जवळ आहे, आग लागली तर कोणी कुठे जायचे, शेजारच्या समुद्राचे पाणी गोडे करून आपल्या नळाला येते त्यात तेल शिरले तर काय, हे शत्रूपासून लपवण्याचे विषय नव्हेत. ते आपल्याला सांगण्याचे विषय आहेत.

आपल्या वयाच्या माणसांना हफगाना म्हटले की मिश्तारा आणि धक्काबुक्की आठवते. म्हणून कायदा ठाऊक असावा. हातात फलक घेऊन शांतपणे उभे राहायला परवाना लागत नाही. पन्नास किंवा जास्त माणसांचा मोर्चा, किंवा तेवढ्यांची उघड्यावर राजकीय भाषणांची सभा असेल, तर निदान पाच दिवस आधी पोलिसांकडे अर्ज करावा लागतो. नकार मिळाला तर बागात्समध्ये जाता येते. गंभीर हानी जवळजवळ निश्चित दिसत असेल तरच पोलिसांनी नकार द्यावा, असे त्या न्यायालयाने 1984 सालीच ठरवून दिले आहे. आणि ज्यांचे गुडघे उभे राहू देत नाहीत, त्यांना पत्र लिहिता येते. नगरपालिकेला, क्नेसेतच्या सदस्याला विचारावे: आमच्या घराजवळून काय जाते?

तोराने अनुवादाच्या 20 व्या अध्यायात सांगितले आहे की शहराला वेढा पडला असतानाही फळझाडांवर कुऱ्हाड चालवू नये. त्यावरूनच आपल्या शास्त्र्यांनी 'बल तश्खीत', म्हणजे नासधूस करू नये, हा नियम काढला. तो नियम शांततेच्या काळापुरता नाही. लढाईची गोष्ट सांगतानाच तो दिला आहे. लढाई चालू आहे म्हणून झाडाकडे, पाण्याकडे पाहू नका, असे आम्हांला कोणी सांगितले, तर आम्ही हा अध्याय उघडून दाखवू.