उष्णतेची उसनवारी



उसाच्या हंगामात तुम्ही गुऱ्हाळावर गेला असाल. चुलवाणात चिपाडे धडाडून जळत असतात, काहिलीत रस खदखदत असतो आणि गुळव्या कडेला उभा राहून त्यावर नजर ठेवून असतो. रसाला उकळी यायला त्या मानाने फार वेळ लागत नाही. पण उकळी आल्यावर तो आटता आटत नाही. चिपाडांचे भारेच्या भारे आगीच्या तोंडी जातात. अशा वेळी कोणी काहिलीत तापमापक धरला, तर त्याला एक नवल दिसेल. जाळ कमी झालेला नाही. पण पारा १०० अंशांच्या किंचित वर जाऊन जो बसतो, तो बराच वेळ तेथून फारसा हलत नाही. मग एवढी चिपाडे जळली, त्यांची उष्णता गेली कुठे?

आज या प्रश्नाचाच माग काढू. यात सांगितलेले सारे अंश सेल्सियस मापाचे आहेत, हे ध्यानात असू द्या.

कोणताही पदार्थ अतिशय बारीक कणांचा बनलेला असतो. हे कण एकमेकांना ओढून धरतात आणि त्याच वेळी सतत हालचालही करतात. पदार्थ घन असतो तेव्हा प्रत्येक कण आपल्या जागी राहून नुसता थरथरतो. म्हणून बर्फाच्या खड्याला स्वतःचा आकार असतो. उष्णता मिळाली की थरथर वाढते आणि एका ठराविक तापमानाला कणांची जागेवरची पकड सुटते. मग ते एकमेकांना धरूनच, पण इकडून तिकडे घसरू लागतात. हा झाला द्रव. म्हणून पाणी तांब्यात तांब्याचा आकार घेते आणि घागरीत घागरीचा. आणखी उष्णता दिली की कण एकमेकांची संगतच सोडून मोकळे होतात. हा झाला वायू. एक लिटर पाण्याची उकळत्या तापमानाला वाफ झाली, तर ती सोळाशे लिटरांहून अधिक जागा व्यापते!

आता आपल्या प्रश्नाचे उत्तर हाताशी आले. कण मोकळे करायचे तर त्यांची ओढ तोडावी लागते, आणि त्या कामाला उष्णता खर्ची पडते. ती तापमान वाढवायला उरतच नाही. स्कॉटलंडमधील जोसेफ ब्लॅक या शास्त्रज्ञाने इ. स. १७६० नंतरच्या दोन-तीन वर्षांत या गोष्टीचा छडा लावला. तापमापकाला न दिसणारी म्हणून तिला सुप्त उष्णता म्हणतात.

तिचे माप ऐकलेत तर आश्चर्य वाटेल. एक ग्रॅम पाण्याचे तापमान एक अंशाने वाढवायला जेवढी उष्णता लागते, तिला एक कॅलरी म्हणतात. म्हणजे बर्फासारखे गार, शून्य अंशाचे पाणी १०० अंशांपर्यंत तापवायला ग्रॅममागे १०० कॅलरी पुरतात. पण बर्फाचे नुसते पाणी करायला ८० कॅलरी लागतात, आणि उकळत्या पाण्याची वाफ करायला तब्बल ५४०!

पुन्हा काहिलीकडे वळू. उसाच्या रसात सुमारे पाच भागांत चार भाग पाणीच असते. रस उकळीला आणायला चिपाडांचा एक भारा लागला असे धरा, तर त्यातले पाणी उडवायला साधारण सात भारे लागतील. चिपाडे वाळलेली का हवीत, हेही यावरून उमगते. ओले चिपाड आधी स्वतःतले पाणी उडवण्यात आपली उष्णता घालवते, मग उरलेली रसाला देते. पाणी सरत आले की मात्र पारा भराभर चढू लागतो आणि ११५ अंशांच्या पुढे जातो. म्हणूनच शेवटच्या घटकेला गुळव्या कोणाशी बोलत नाही. क्षणभर दुर्लक्ष झाले तर गूळ करपलाच म्हणून समजा.

गुऱ्हाळात पाणी उडवायचेच असते, तेव्हा तिथे मोठा जाळ योग्य. पण घरच्या चुलीवर आपल्याला भात शिजवायचा असतो, पाणी उडवायचे नसते. आधण एकदा उकळले की ते १०० अंशांच्या आसपासच राहते. जाळ दुप्पट केला तरी भात लवकर शिजत नाही, नुसती वाफ जास्त होते. म्हणून उकळी आली की जाळ कमी करा आणि वर झाकण ठेवा. चूल असो की गॅस, तेवढे जळण वाचले. प्रेशर कुकरची युक्ती निराळी. तो वाफ कोंडून दाब वाढवतो, त्यामुळे पाणी १२० अंशांच्या सुमारास उकळते आणि अन्न लवकर शिजते. उलट महाबळेश्वरासारख्या उंच ठिकाणी हवेचा दाब कमी, म्हणून तिथे पाणी ९५-९६ अंशांनाच उकळते आणि उघड्या भांड्यातली डाळ शिजायला वेळ लागतो.

वाफेने घेतलेली ही उष्णता उसनी असते, बरं का! वाफेचे पुन्हा पाणी झाले की ती सगळी परत केली जाते. आणि ती परतफेड आपल्या हातावर झाली तर? एक ग्रॅम उकळते पाणी अंगाच्या तापमानापर्यंत निवताना सुमारे ६० कॅलरी देते. तेवढीच वाफ मात्र सुमारे ६०० देते. वाफेचा चटका एवढा खोल का जातो, ते यात आहे. तेव्हा झाकण काढताना ते आपल्यापासून पलीकडच्या बाजूने उचला आणि पोरांना तोंड पुढे करू देऊ नका. भाजलेच, तर त्या जागेवर २० मिनिटे साधे गार पाणी वाहू द्या. बर्फ, तेल किंवा आणखी काही लावू नका. आणि भाजणे जास्त असेल तर लागलीच दवाखाना गाठा.

उन्हाळ्यात माठ गार राहतो, तोही याच व्यवहारामुळे. पाझरलेले पाणी न उकळताच हळूहळू वाफ होऊन उडते आणि त्यासाठी लागणारी उष्णता माठातल्या पाण्याकडून उसनी घेते.

गुरुजनांनी हा प्रयोग वर्गात जरूर करून दाखवावा. पेल्यात बर्फाचा चुरा घ्या, त्यात प्रयोगशाळेतला तापमापक ठेवा आणि मधूनमधून ढवळत दर दोन मिनिटांनी मुलांकडून पारा वाचून घ्या. तापाचा तापमापक मात्र यासाठी वापरू नये. तो या कामाचा नव्हे. बर्फ वितळतो आहे तोवर पारा शून्याजवळच राहील आणि शेवटचा खडा विरघळला की वर सरकू लागेल. मुले आपणहून विचारतील, ‘गुरुजी, मधल्या वेळातली उष्णता गेली कुठे?’ लगेच उत्तर देऊ नका. आधी त्यांना गुऱ्हाळावर घेऊन जा.