बरे वाटणे आणि बरे होणे

पांढुर्णा आणि सौसर हा संत्र्यांच्या बागांचा मुलूख राज्याच्या सीमेने मध्यप्रदेशात मोडतो. बोलीने, सणवारांनी आणि सोयरिकींनी मात्र तो विदर्भाशी बांधलेला आहे. १९५६ सालापर्यंत या भागाची राजधानी नागपूर हीच होती. पुढे राजधानी भोपाळला गेली, आणि २०२३ साली पांढुर्णा हा सौसर तालुक्यासह स्वतंत्र जिल्हाही झाला. पण आजारी माणसाची वाट फारशी बदललेली नाही. गावच्या औषधाने दुखणे हटेनासे झाले की घरची मंडळी रुग्णाला घेऊन नागपूर गाठतात.

या वाटेने जाणाऱ्यांत दोन प्रकारचे रुग्ण असतात. एकाला महिना उलटला तरी खोकला सोडत नाही, संध्याकाळी अंगात कसर येते आणि कपडे सैल होत चाललेले असतात. दुसऱ्याचे तोंड इतके आखडलेले असते की भाकरीचा घास आत जाणे कठीण. पहिल्याला क्षयाच्या गोळ्या सुरू होतात, दुसऱ्याच्या जबड्यावर शस्त्रक्रिया होते. रोग अगदी भिन्न. परंतु दोहोंत एक गोष्ट समान आहे. मोठ्या रुग्णालयात होतो तो उपचाराचा आरंभ होय. उरलेला मोठा भाग गावी परतल्यावर घरातच पार पाडावयाचा असतो, आणि तोही बरे वाटू लागल्यानंतर. नेमका तेथेच तो अर्धवट सुटतो.

खोकल्याची बाटली पुरेशी नाही

क्षयाचे जंतू रॉबर्ट कॉख या जर्मन शास्त्रज्ञाने २४ मार्च १८८२ रोजी जगापुढे मांडले. तेव्हापासून थुंकी तपासून क्षय ओळखता येऊ लागला. तरीही निदानाला उशीर होतो, आणि त्याचा दोष नेहमी रुग्णाचाच असतो असे नाही. १९६३ साली प्रसिद्ध झालेल्या, कर्नाटकातील तुमकूर जिल्ह्यातील एका पाहणीत असे आढळून आले की, ज्यांच्या थुंकीत जंतू होते अशांपैकी सुमारे निम्मे रुग्ण आपण होऊन दवाखान्यात जाऊन आले होते. तेथे त्यांना खोकल्याची बाटली देऊन परत पाठविण्यात आले होते. यास्तव दोन आठवड्यांहून अधिक खोकला, बारीक ताप, रात्रीचा घाम, वजनात घट किंवा थुंकीतून रक्त यांपैकी काहीही असले, तर थुंकी तपासून घेण्याची मागणी रुग्णानेच करावी हे बरे.

सूक्ष्मदर्शकाखाली जंतू दिसावयाचे तर एका मिलिलिटर थुंकीत ते पाच ते दहा हजार तरी असावे लागतात. म्हणूनच आरंभीचा रोग त्यातून निसटतो. अलीकडच्या यंत्रांत जंतूंचे आनुवंशिक द्रव्यच हुडकले जाते. त्यामुळे थोडे जंतूही सापडतात आणि ते रिफाम्पिसिन या मुख्य औषधाला दाद देतात की नाही, हेही कळते. गोव्यातील मोलबायो या कंपनीने तयार केलेले ‘ट्रूनॅट’ यंत्र बॅटरीवर चालते, त्यामुळे ते तालुक्याच्या रुग्णालयातही ठेवता येते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली त्याला मान्यता दिली. छातीचे क्ष-किरण चित्र संशय दाखविते. पुरावा थुंकीतच मिळतो.

दोन चाचण्यांविषयी मात्र सावध राहावे. रक्तातील प्रतिद्रव्ये पाहून क्षय ठरविणाऱ्या चाचण्यांवर भारत सरकारने २०१२ साली बंदी घातली, कारण त्यांचा निर्वाळा भरवशाचा नव्हता. दुसरी चाचणी हातावर टोचून घेण्याची. ती अंगात जंतू शिरल्याचे सांगते, रोग झाल्याचे नव्हे. सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेत ७२६ आरोग्यसेवकांची पाहणी झाली व तिचे निष्कर्ष २००५ साली प्रसिद्ध झाले. टोचणीची चाचणी किंवा रक्ताची एक नवी चाचणी, या दोहोंपैकी एखादी तरी निम्म्या लोकांत सकारात्मक निघाली. पण ही माणसे रोजच्या कामावर होती, क्षयाने अंथरुणाला खिळलेली नव्हती. जंतू शरीरात निद्रिस्त असणे वेगळे आणि क्षय होणे वेगळे.

एका प्रयोगाची दोन उत्तरे

बरे वाटणे आणि बरे होणे यांतील अंतर ब्रिटनमधील एका प्रयोगाने फार स्पष्ट केले. स्ट्रेप्टोमायसिन हे औषध तेव्हा नवे आणि अत्यंत दुर्मिळ होते. १०७ रुग्णांपैकी कोणाला ते द्यावयाचे हे डॉक्टरांच्या मर्जीवर न सोडता बंद पाकिटांतील चिठ्ठ्यांनी ठरविण्यात आले. ५५ जणांना औषध मिळाले, ५२ जणांना त्या काळच्या रीतीप्रमाणे केवळ विश्रांती. सहा महिन्यांत औषध घेणाऱ्यांपैकी ४ दगावले, विश्रांती घेणाऱ्यांपैकी १४. १९४८ साली हा निष्कर्ष प्रसिद्ध झाला तेव्हा क्षयावर विजय मिळाला असेच जगाला वाटले.

पाच वर्षांनी त्याच रुग्णांची मोजदाद झाली. औषध घेतलेल्या ५५ पैकी ३२ आणि न घेतलेल्या ५२ पैकी ३५ मरण पावले होते. आरंभीचा मोठा लाभ जवळजवळ वाहून गेला होता. असे का व्हावे? फुप्फुसातील एका पोकळीत सुमारे दहा कोटी जंतू असतात. त्यांत एखाद्या औषधाला जन्मतःच न जुमानणारे मूठभर असतातच. आयसोनियाझिड या औषधापुरते बोलावयाचे तर दहा लाखांत सुमारे एक. एकच औषध दिले की बाकीचे मरतात, रुग्णाला हुशारी वाटते, आणि हे मूठभर वाढून सारे रान व्यापतात. दोन-तीन औषधे एकत्र दिली, तर सर्वांनाच पुरून उरणारा जंतू सापडणे जवळजवळ अशक्य होते. मिश्र उपचाराचे तत्त्व हेच.

मुदत लांब असण्याचे कारण निराळे. जोमाने वाढणारे जंतू पहिल्या काही आठवड्यांतच मरतात. ताप उतरतो, भूक लागते, खोकला थांबतो. पण काही जंतू सुस्तावून पडलेले असतात आणि औषधांचा मारा मुख्यतः वाढत्या जंतूंवर चालतो. हे झोपलेले जंतू अधूनमधून जागे होतील तेव्हाच टिपावे लागतात. म्हणून पहिले दोन महिने चार औषधे आणि पुढचे चार महिने तीन, अशी सहा महिन्यांची नेहमीची मुदत आहे. दुसऱ्या महिन्यात गोळ्या सोडणारा रुग्ण नेमके हेच चिवट शत्रू मागे ठेवतो. ते औषधांना बधेनासे झाले, तर पुढचा उपचार अधिक कठीण आणि अधिक त्रासाचा होतो.

घर हेच रुग्णालय

एकेकाळी क्षयरोग्याला डोंगरावरील आरोग्यधामात धाडीत. गरिबाला ते परवडत नसे. मद्रास येथे १९५६ साली स्थापन झालेल्या क्षय संशोधन केंद्राने हा प्रश्न कसोटीला लावला. १९३ रुग्णांपैकी काहींना आरोग्यधामात, तर काहींना त्यांच्या दाटीवाटीच्या वस्तीतील घरीच ठेवून एक वर्ष तीच औषधे देण्यात आली. आरोग्यधामात अन्न चांगले होते, विश्रांती होती. तथापि १९५९ साली जाहीर झालेल्या निष्कर्षांत दोन्हीकडील गुण जवळपास सारखाच दिसला. घरच्यांना झालेली लागणही घरी उपचार घेणाऱ्यांच्या कुटुंबांत अधिक नव्हती. घरात संसर्ग होतो तो बव्हंशी निदानापूर्वीच्या दिवसांत. योग्य औषधे लागू पडली की संसर्गाचा जोर झपाट्याने ओसरतो.

या निष्कर्षाचा अर्थ अजून पुष्कळ घरांत पोहोचावयाचा आहे. क्षय झाला म्हणून सुनेला माहेरी धाडणे किंवा रुग्णाचे ताट-वाटी निराळे मांडणे यांना शास्त्राचा आधार नाही. क्षय भांड्यांतून पसरत नाही, तो खोकल्यावाटे हवेतून पसरतो. तोंडावर रुमाल, उघडी खिडकी आणि नियमित गोळ्या हाच खरा बंदोबस्त. घरातील इतरांनी, विशेषतः लहान मुलांनी, तपासणी करून घ्यावी. त्यांच्यासाठी प्रतिबंधक औषधही मिळते.

रुग्णाने नागपुरात निदान करून घेतले तरी उपचार पांढुर्ण्यास वा सौसरला चालू ठेवता येतो. कार्यक्रम साऱ्या देशाचा एकच आहे, औषधे सरकारी केंद्रांत विनामूल्य मिळतात आणि ‘निक्षय’ या नोंदवहीतील क्रमांक सीमेपलीकडेही चालतो. तो क्रमांक जपून ठेवावा. गोळ्यांमुळे लघवी नारिंगी होते, तिला भिऊ नये. परंतु डोळे पिवळे झाले, सतत उलट्या होऊ लागल्या किंवा दृष्टी मंदावली तर डॉक्टरांना त्वरित दाखवावे.

अन्नाचा वाटाही लहान नाही. झारखंडात २०१९ ते २०२२ या काळात झालेल्या प्रयोगात क्षयरोग्यांच्या घरच्या मंडळींना तांदूळ, डाळ असा जादा शिधा देण्यात आला. दहा हजारांहून अधिक माणसांच्या या पाहणीत शिधा मिळालेल्या घरांत क्षयाचे नवे रुग्ण सुमारे ३९ टक्क्यांनी कमी आढळले. सरकार रुग्णाला आहारासाठी २०१८ पासून दरमहा ५०० रुपये देत असे. नोव्हेंबर २०२४ पासून ही रक्कम १,००० रुपये झाली. ती चहा-साखरेत न जाता डाळ, शेंगदाणे, अंडी, दूध यांत गेली पाहिजे.

जबड्याचे दुखणे

ज्याचे तोंडच उघडत नाही त्याने हे अन्न खावे तरी कसे? विदर्भ आणि त्याच्या लगतच्या भागात खर्ऱ्याचे व्यसन फार. त्यातील सुपारी गालाच्या आतल्या मऊ अस्तराखाली तंतूंचे जाळे वाढविते. अस्तर पांढुरके आणि ताठ होते, तिखट सोसत नाही, आणि तोंड हळूहळू मिटत जाते. मुंबईच्या डॉ. एस. जी. जोशी यांनी १९५३ साली भारतात या विकाराचे वर्णन केले. स्वतःची तीन बोटे उभी धरून ती तोंडात जात नसतील, तर ही खूण समजावी. पुढे कर्करोगाचा धोकाही असल्यामुळे खर्रा बंद करणे हा पहिला उपचार. लहान मुलांत हनुवटीवर पडून जबड्याचा सांधाच हाडाने जुळून जातो, हा दुसरा प्रकार.

दोन्हींत शस्त्रक्रिया होते: पहिल्यात तंतूंचे पट्टे कापले जातात, दुसऱ्यात जुळलेले हाड. रुग्ण शुद्धीवर येतो तेव्हा तोंड उघडलेले असते आणि नातलगांना काम फत्ते झाले असे वाटते. पण जखम भरताना आकसते, हा शरीराचा धर्मच आहे. म्हणून डॉक्टरांच्या सांगण्याप्रमाणे थोड्याच दिवसांत व्यायाम सुरू करावा लागतो. आइसक्रीमच्या लाकडी काड्यांची चवड दाढांमध्ये धरून तोंड ताणावयाचे, जमेल तशी एकेक काडी वाढवावयाची आणि हे दिवसातून अनेकदा, निदान सहा महिने. सांध्याच्या शस्त्रक्रियेनंतर याहूनही अधिक काळ. व्यायाम दुखतो, मूल रडते, आईचे मन द्रवते आणि काड्या बाजूला पडतात. काही महिन्यांत तोंड पुन्हा मिटते, आणि दुसरी शस्त्रक्रिया पहिलीहून अवघड असते.

जबड्याखालील गाठ किंवा दात काढल्यानंतरची जखम आठवडे उलटूनही भरत नसेल, तर तेथे क्षयाचीही तपासणी करून घ्यावी. मानेच्या गाठींचा क्षय, ज्याला आपल्याकडे गंडमाळा म्हणतात, विरळा नाही.

क्षयाच्या गोळ्या आणि जबड्याच्या काड्या यांचा हिशेब अखेर एकच आहे. वेदना किंवा ताप थांबल्याची साक्ष रुग्णाचे शरीर देते. रोग गेल्याची साक्ष थुंकीची तपासणी आणि उघड्या तोंडाचे माप देते. या दुसऱ्या साक्षीपर्यंत थांबण्याचा धीर रुग्णाला घरच्यांनी द्यावयाचा असतो. भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर रोजच्या गोळीची खूण करणारे एखादे शाळकरी पोर अशा घरात मोठ्या डॉक्टराइतकेच मोलाचे काम करीत असते.