चाचणी करणाऱ्याची चाचणी

इमारतीचा स्लॅब भरण्याचे काम चालू असते तेव्हा मिक्सरपासून थोडे दूर एक माणूस लोखंडी साच्यांत काँक्रीट भरताना दिसतो. साचे 15 सेंटीमीटर बाजूचे, घनाकृती. दुसऱ्या दिवशी ठोकळे साच्यांतून काढून पाण्यात ठेवतात आणि 28 दिवसांनी यंत्रात दाबून फोडतात. ‘एम 25’ काँक्रीटकडून दर चौरस मिलिमीटरला 25 न्यूटन ताकदीची अपेक्षा असते. ठोकळ्याच्या एका बाजूचे क्षेत्रफळ 22,500 चौरस मिलिमीटर. म्हणजे 5,62,500 न्यूटन, अर्थात सुमारे 57 टन वजनाइतका भार त्याने पेलायला हवा.

उभी इमारत काही फोडून पाहता येत नाही. म्हणून निवाडा ठोकळ्यावर सोपवलेला असतो. पण यंत्रावर दिसणारा आकडा फक्त काँक्रीटचा असतो का?

भारतीय प्रमाणित पद्धतीनुसार हाताने ठोकून साचा भरायचा तर तीन थरांत भरावा लागतो आणि प्रत्येक थराला 16 मिलिमीटर जाडीच्या, गोलाकार टोकाच्या सळईने किमान 35 ठोसे द्यावे लागतात. टोक गोल असले की खडी बाजूला सरकते आणि सळई वर येताना जागा भरून निघते. सपाट कापलेल्या सळईच्या तुकड्याने हे नीट होत नाही. ठोसे कमी पडले की हवा आत अडकते. काँक्रीटमध्ये पाच टक्के पोकळ्या राहिल्या तर ताकद सुमारे तीस टक्क्यांनी घटू शकते. चाळिसाव्या मिनिटाला हात दुखू लागले आणि पस्तीसऐवजी वीसच ठोसे दिले, तर काँक्रीट तेच राहते, आकडा मात्र बदलतो.

पुढेही असेच. ठोकळा उन्हात सुकला, यंत्रात तिरका बसला, त्याच्या बाजूंना वाळूचे कण चिकटून राहिले, तर तो लवकर फुटतो. उलट भार ठरलेल्या वेगापेक्षा भराभर वाढवला तर आकडा फुगतो.

यांतल्या बहुतेक चुका आकडा खाली आणतात. मग बिघडले कुठे, सुरक्षिततेच्या बाजूनेच चूक झाली ना, असे कोणी म्हणेल. धोका नेमका इथेच आहे. आकडा कमी आला की ‘ठोकळेच नीट भरले नसतील’ असे म्हणायची सवय लागते. ज्या दिवशी काँक्रीट खरोखरच कच्चे असते, त्या दिवशीही तेच वाक्य म्हटले जाते. चाचणीवरचा विश्वास उडाला की ती करूनही न केल्यासारखीच.

यावर दोन उपाय आहेत. एक, प्रयोगशाळेची तपासणी. भारतात एनएबीएल ही संस्था प्रयोगशाळांना मान्यता देते. पण ठोकळा भरला जातो बांधकामावर. प्रयोगशाळेत पोचण्याआधीच त्याचे निम्मे भवितव्य ठरलेले असते. म्हणून दुसरा उपाय, भरणाऱ्या माणसाची परीक्षा.

याचे चांगले उदाहरण अमेरिकेत आहे. तिथल्या अमेरिकन काँक्रीट इन्स्टिट्यूटने 1980 च्या दशकात बांधकामावर चाचण्या करणाऱ्या तंत्रज्ञांसाठी प्रमाणपत्र सुरू केले. परीक्षा लेखी आणि प्रात्यक्षिक अशी दोन्ही असते. काँक्रीटचे तापमान, घनता, हवेचे प्रमाण, ताकदीसाठी नमुने भरणे (तिथे ठोकळ्याऐवजी दंडगोल वापरतात) आणि काँक्रीट किती बसते ते पाहण्याची ‘स्लम्प’ चाचणी, हे सारे परीक्षकासमोर करून दाखवावे लागते.

स्लम्प चाचणीचेच पाहा. 30 सेंटीमीटर उंचीचा शंकू तीन थरांत भरायचा, प्रत्येक थराला 25 ठोसे द्यायचे. मग शंकू सरळ वर उचलायचा, तोही तीन ते सात सेकंदांत. भरायला सुरुवात केल्यापासून शंकू निघेपर्यंत अडीच मिनिटांहून जास्त वेळ लागता कामा नये. परीक्षकाच्या हातात पायऱ्यांची यादी असते आणि तो एकेक पायरी तपासतो. उत्तर किती आले याला इथे गुण नाहीत. ते कसे काढले हे पाहिले जाते. प्रमाणपत्र पाच वर्षे चालते, मग पुन्हा परीक्षा. हाताला लागलेले वळण हळूहळू बिघडते आणि ते ज्याचे त्याला कळत नाही.

अर्थात प्रमाणपत्राने प्रामाणिकपणा येत नाही. चांगल्या घमेल्यातलेच काँक्रीट निवडून साचा भरणाऱ्याला कोणतीही परीक्षा अडवू शकत नाही. पण अज्ञानाने होणाऱ्या चुका कमी झाल्या की उरलेल्या आकड्यांकडे गंभीरपणे पाहावे लागते.

वर्गात हे सहज दाखवता येईल. ओलसर वाळूचा एकच ढीग करा. पाच गटांना सारखेच पेले द्या आणि फक्त ‘वाळूने काठोकाठ भरा’ एवढेच सांगा. प्रत्येक पेल्याचे वजन करून फळ्यावर लिहा. मग तीन थर, प्रत्येक थराला पेन्सिलीच्या मागच्या टोकाने दहा ठोसे, वरचा भाग पट्टीने सपाट, असा नियम घालून पुन्हा भरायला लावा. दोन्ही वेळच्या आकड्यांतील फरक मुलांनाच काढू द्या. वाळू दोन्ही वेळा तीच होती. मग काय बदलले, हा प्रश्न त्यांनाच विचारा.